पावणेपाच तारे

भाडं न ठरवता तो माणूस गाडीवर बसला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. कंपालात बोडावर, म्हणजे आमच्या भाड्याच्या मोटरसायकलीवर, असं मुकाट्याने कुणी बसत नाही. आधी मी तोंडाला येईल ते मागायचं, मग गिऱ्हाइकाने कपाळाला हात लावायचा, माझा उद्धार करायचा, दोन पावलं चालून दाखवायचं, आणि मग दोघांनी हसत निघायचं, अशी रीत आहे. परवा चर्चचे पाद्री बसले, त्यांनीही चांगली घासाघीस केली. आणि हा आला, जुन्या टॅक्सी पार्कच्या कोपऱ्यावर, सकाळचे साडेसात वाजले असतील, गाडी एका अंगाला कलली, मागची स्प्रिंग कुरकुरली, आणि माझ्या खांद्यावरून एक फोन पुढे आला. "इथे जायचंय, स्सेबो." बोडावाल्याला स्सेबो, म्हणजे साहेब, आणि आवाज मऊ, आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलतात तसा. फोनवर नकाशा उघडा होता आणि नकाशावर एक फोटो. वाफाळणारं पातेलं, निळी परात, मागे एकाच स्टुलावर दाटीने बसलेल्या हिरव्या फ्रॉकातल्या दोन पोरी, आणि डाव्या कोपऱ्यात चुकून आलेला कुणाचा तरी अंगठा. त्या अंगठ्याचं टोक उडालेलं होतं. ते माझं आहे, गाडीच्या साखळीत गेलेलं. मी फोटोकडे बघत राहिलो. मग म्हणालो, "बरं." बावीस वर्षं गाडी हाकतोय, तोंडाला सवयच लागलीय, कुठलंही ठिकाण दाखवा, ते बरंच म्हणतं.

खोटं कशाला बोलू, त्या फोटोचा मला अभिमान होता. आमच्या कन्यान्याच्या टेकडीवर नकाशात पूर्वी नुसता करडा डाग होता. जणू तिथे माणसं राहतच नव्हती, चुली पेटतच नव्हत्या. शहरातली माणसं फोन नाचवत म्हणायची, "पुढे रस्ताच नाही," आणि मी त्या नसलेल्या रस्त्यावरूनच त्यांना घरी पोचवायचो. मला राग यायचा. मग कुणीतरी शिकवलं की नकाशात आपणही भर घालू शकतो. झालं, मी पेटलो. गिऱ्हाईक नसलं की बसायचं आणि घालायचं. मशिदीमागचा बोळ, शिंप्याच्या दुकानामागची पायवाट, पिवळा पंप, नळाचा चौथरा, फणसाचं झाड. हो, झाडसुद्धा. नकाशा मला शाबासकी द्यायचा, बिल्ले द्यायचा, "तुमचा फोटो इतक्या हजार लोकांनी पाहिला" असं कळवायचा. माझी बायको नब्बोसा म्हणायची, "घरच्या पत्र्याला भोक पडलंय ते दिसत नाही, आणि हे चाललेत लष्कराच्या भाकऱ्या भाजायला." पण तिला काय कळणार! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला सांगत होतं की तू इथला जाणकार आहेस. पन्नाशीला आलेल्या बोडावाल्याला असं कोण सांगतं? आणि यंदा तर त्या नकाशातल्या बाईला नवी बुद्धी आली. पूर्वी ती "चारशे मीटरवर डावीकडे" असं काहीबाही बरळायची. कालेर्वेच्या बाजारात चारशे मीटर म्हणजे किती, हे देवालाही सांगता यायचं नाही. आता ती आपल्यासारखी बोलायला लागली, पंप ओलांडा, फणसाच्या झाडापाशी डावीकडे वळा. ते ऐकून पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, माझं झाड तिच्या तोंडात! दुसरी नवी करामत म्हणजे तिला आता पत्ता सांगावा लागत नाही. माणसाला विचारतो तसं विचारायचं, अमुक वस्ती कशी आहे, पोरंबाळं घेऊन राहायला बरी आहे का, चांगलं खायला कुठे मिळेल. ती सगळ्यांनी लिहिलेलं चाळते, फोटो बघते आणि दोन वाक्यांत उत्तर देते.

"पिवळ्या पंपापुढून सरळ," मागच्या फोनमधून बाई बोलली, आणि माझ्या मानेवर घाम फुटला. सकाळ चांगली गार होती, तरी फुटला. वांदेगेयाच्या चढावर मी स्वतःला समजावत होतो की अरे बाबा, भूक लागलीय त्याला, शहरातून लोक येतातच हल्ली कटोगो खायला. कच्ची केळी आणि आतडी एकत्र रटरटवलेलं कटोगो काय, दर दहा पावलांवर मिळतं, पण नालोंगोसारखं नाही. ती बेटावरच्या पद्धतीने करते, धुरावर सुकवलेली मासळी आणि शेंगदाण्याचं वाटण घालून. येतात लोक. दोन महिन्यांत बाकडी वाढवावी लागली. पण भुकेला माणूस भाड्यावरून भांडतो. पोटात कावळे ओरडत असताना माणूस जास्तच भांडतो, हे मला ठाऊक आहे.

नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. तिचं जन्माचं नाव मी इथेही सांगणार नाही, एवढी अक्कल आता आली आहे. गेल्या ईस्टरच्या आधी नब्बोसाने तिला घरी आणलं, दोन पोरी, एक बोचकं आणि कोपरापर्यंत फडकं गुंडाळलेला उजवा हात. सरोवरातल्या बेटावर तिच्या नवऱ्याच्या होड्या आहेत. ज्याच्या होड्या त्याच्याच बाजूने पोलीस, पाद्री आणि वारा, असं ती एकदा म्हणाली, त्यापलीकडे फार बोलली नाही. बाकीचं नब्बोसाने मला सांगितलं. ती दोनदा पळाली होती आणि दोनदा त्याने तिला शोधून काढलं. दुसऱ्यांदा सापडली तेव्हा मासे तळायच्या कढईतलं तेल हातावर ओतलं, आणि सांगून ठेवलं की तिसऱ्यांदा हातावर ओतणार नाही. नब्बोसाने माझ्याकडून शपथ घेतली, कुणाजवळ अवाक्षर काढायचं नाही. मी काढलं नाही. गुत्त्यात नाही, चर्चमध्ये नाही, सख्ख्या भावाजवळ नाही. तोंडाला मी पक्का आहे. फक्त मे महिन्यात रोज अर्धं पातेलं उरायला लागलं, दुपारी ती ते गल्लीतल्या पोरांना वाटून टाकायची आणि भिंतीकडे बघत बसायची, तेव्हा मला वाटलं की आपल्याला एवढी विद्या येते, ती या बाईच्या कामी का येऊ नये. नब्बोसा म्हणाली, "टाकायचंच असेल तर नुसतं 'कन्यान्याचं कटोगो' टाका. फोटोत माणूस नको." मी मान डोलावली. आणि लिहायला बसलो तर हात अडला.

आता हे आमच्याबाहेरच्या माणसाला कसं समजवावं! माझी आईही नालोंगो होती. माझ्या आधी तिला जुळी झाली, म्हणून मी किझ्झा. जुळ्यांच्या पाठच्याला आमच्यात ते नाव आपसूक पडतं, नाव शोधायचे कष्टसुद्धा कुणी घेत नाही. मी सहा वर्षांचा असताना तापाने फणफणलो होतो, आई मला पाठीवर बांधून सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या नव्या कारकुनाने कागदावरचं तिचं नाव पुकारलं, नुसतं नाव. आई हलली नाही. त्याने पुन्हा पुकारलं. आई भिंतीकडे बघत बसली. माझ्या अंगाची भट्टी झालेली, तिच्या पाठीला चटके बसत असणार, पण नालोंगो म्हटल्याशिवाय ती उठणार नव्हती, कारण जुळ्यांचा मान राखला नाही तर जुळी रागावतात, अंगावर फोड उठतात, घराचं वाटोळं होतं. शेवटी एक म्हातारी परिचारिका आली, तिने कारकुनाच्या डोक्यात टपली मारली आणि हाक दिली, "नालोंगो, ये बाई." तेव्हा कुठे आई उठली. तो बाक अजून माझ्या मांड्यांना आठवतो, लाकडाचा, मधे फट असलेला. असल्या आईच्या पोटी आलेला मी, एका जुळ्यांच्या आईची जागा जगाला दाखवणार आणि तिचा मान पुसून टाकणार? माझी छाती झाली नाही. शिवाय मनात म्हटलं, नालोंगो हे काय नाव आहे? कंपालात प्रत्येक गल्लीत दोन नालोंगो आहेत, दगड मारला तर नालोंगोला लागेल. म्हणून लिहिलं, 'नालोंगोचं कटोगो'. मग वाटलं, जुळी नसलेला फोटो म्हणजे देव नसलेलं देऊळ. म्हणून पोरींना स्टुलावर बसवलं. मग नुसता फोटो बोडका दिसायला लागला म्हणून खाली स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या, पाच तारे दिले. "बाईंचा हात भाजलेला आहे, पण चव सोन्याची. बेटावरची मासळी. जरूर जा." मूर्ख! शतमूर्ख! मान राखायला गेलो आणि मान सुरीखाली ठेवली.

"लोकांनी किती छान लिहिलंय," मागून आवाज आला. मुलागोच्या चौकात आम्ही एका ट्रकमागे अडकलो होतो. "पावणेपाच तारे. ऐका हं. मी एवढंच विचारलं की बेटावरच्या पद्धतीचं कटोगो शहरात नव्याने कोण करायला लागलंय, जुळ्या मुली असलेली बाई. तर उत्तर काय, 'कन्यान्या. मालकीण अबोल आहेत. उजवा हात भाजलेला. सकाळी सहा ते दहा. मुली जवळच खेळतात. गल्ली शांत, वर्दळ कमी.' वर्दळसुद्धा सांगतो हो! पूर्वी एखाद्याला शोधायचं म्हणजे गावोगाव माणसं पाठवायला लागायची."

तरी मी हसलो, पाठमोरा का होईना, गिऱ्हाईक बोललं की हसायचं असतं. "तुम्ही बेटावरचे का, स्सेबो?"

"पहाटेच्या होडीने आलो."

"मग तिथे कटोगो मिळत नाही की काय? एवढ्या लांब यायचं पोटासाठी!"

"पोटासाठी कोण येतंय," तो म्हणाला, आणि खुदकन हसला.

"म्हणजे तुम्हीच स्सालोंगो? जुळ्यांचे बाबा?"

"मी? छे, मला कुठली जुळी! स्सालोंगोंनी पाठवलंय मला. भला माणूस आहे हो. मुली चार वर्षांच्या झाल्या, अजून जुळ्यांचा नाच झाला नाही त्यांचा. आईबाप दोघं समोर हवेत, त्याशिवाय रीत पुरी होत नाही, तुम्हाला मी काय सांगायचं. उद्या पोरींच्या अंगावर फोड उठले तर दोष कुणाला द्यायचा? बाईमाणूस रागात निघून जातं, त्याला कळत नाही. आपण समजूत घालायची."

आणि माझं नीच मन क्षणभर म्हणालं, हे तर खरंच आहे. नाच व्हायलाच हवा. माझ्या भावाबहिणीचा झाला होता, पाठचा म्हणून त्याच्या गोष्टी ऐकतच मी वाढलो. बाप म्हणून त्याचाही हक्क आहे, कोण जाणे, माणसं बदलतात, तेल काय रागाच्या भरात सांडलंही असेल. हा माणूस किती सभ्य बोलतो. मी गल्लीच्या तोंडाशी सोडीन, मला काय माहीत, मी आपला हमाल. ट्रक हलला तसा त्याचा काळा धूर माझ्या तोंडावर आला आणि मला फडक्याखालचा तो हात दिसला, नब्बोसा मलम लावत असताना एकदा दिसला होता तसा, आणि ती पोळलेली बाई दात आवळून नब्बोसालाच सांगत होती, "झालं, झालं, रडू नका." मला माझीच किळस आली.

चौकातून मी डावीकडे न वळता सरळ घातली गाडी. "मागे वळा," बाई म्हणाली. मी वळलो नाही. "शक्य होईल तिथे मागे वळा."

"बाई चिडली," तो म्हणाला.

"कालेर्वेला फार गर्दी असते या वेळी, स्सेबो. मी तुम्हाला आतून नेतो."

"नाही हो. हिरवं दिसतंय सगळं, मोकळा आहे रस्ता. आणि हे बघा, इथे शिंप्याच्या दुकानामागून वाट निघते, मोटरसायकल जाते म्हणून लिहिलंय. कुणी किझ्झा म्हणून आहेत. एकशे चाळीस वाटा घातल्यात या माणसाने नकाशात. एकट्याने! देव त्यांचं भलं करो."

मी डावा अंगठा मुठीत दडवला. क्लच धरता येईना, तरी दडवला. त्याला माहीत होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. त्याचा श्वास माझ्या कानाच्या मागे होता, लवंगेचा वास येणारा. मी शिंप्याच्या दुकानाकडे वळलो, कारण दुसरी वाटच नव्हती. जी वाट घेईन ती बाईला ठाऊक, तिच्यावरून ती पुन्हा मला कन्यान्याकडेच वळवणार. बावीस वर्षांत या शहरात मी कधी चुकलो नाही आणि त्या दिवशी चुकायचं म्हटलं तर चुकता येईना. कोंबड्या बाजूला झाल्या, एका बाईने बादली ओढून घेतली आणि शिवी दिली, मला वाटलं तिलाच ओरडून सांगावं, काय सांगावं ते कळेना. चढ लागायच्या आधी, विटांच्या ढिगापाशी, गाडीने आचके दिले. म्हणजे मीच दिले. "अरे देवा, प्लग गेला वाटतं." उतरलो, पाना काढला, त्याच्याकडे पाठ करून इंजिनावर वाकलो, प्लग फिरवून काढला. बोटं भाजली. तो तापलेला तुकडा मी खोकल्याचं निमित्त करून गटारात टाकून दिला. आता प्रत्यक्ष देव आला तरी ही गाडी हलणार नव्हती. मला केवढा आनंद झाला! वाकल्या वाकल्याच मी बडबडत सुटलो, पेट्रोलमध्ये पाणी मारतात हल्ली, मेकॅनिक साला हरामखोर, पाच मिनिटं थांबा स्सेबो, इथे दुसरी गाडी मिळणं कठीण, चालत तर मुळीच जाऊ नका, कुत्री आहेत. मनात हिशेब चालला होता की हा उतरून बाजूला गेला की नब्बोसाला फोन करायचा. चांगली पाचसात मिनिटं मी बोललो असेन. उत्तर येईना तेव्हा वळलो. सीटवर माझं जादा हेल्मेट ठेवलेलं होतं, पट्टा नीट आत खोचून. वरच्या वळणावर दुसऱ्या एका बोडाचा आवाज चढत होता, दूर जात होता.

माझी गाडी मीच पांगळी केली होती. मी पळत सुटलो. पन्नाशीचं शरीर, चिखलाचा चढ, एका हातात फोन. नब्बोसा सकाळी नालोंगोकडे ताटल्या विसळायला जाते, फोन कनवटीला असतो, हात पाण्यात. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. येणाऱ्या प्रत्येक बोडाला हात केला, सगळ्यांच्या मागे माणसं, सगळी चढाकडे चाललेली. नळाच्या चौथऱ्यापाशी छातीत कळ आली म्हणून थांबलो, तिथून पुन्हा लावला. सातव्या वेळी तिने उचलला.

"काय हो, तेंदोचे बाबा? हात खरकटे आहेत माझे. एवढं काय पेटलंय?"

"नालोंगो कुठाय?"

"कुठे असणार? वाढतेय. आज बाकडी पुरत नाहीत, बघायला हवं तुम्ही. पोरींनाही ताटल्या द्यायला लावल्यात."

"ऐक. तोंड न बदलता ऐक. तिला आणि पोरींना आत ने, मागच्या दाराने बाहेर काढ. माणूस आलाय. बेटावरून. मी आणला त्याला, मीच आणला, नंतर बोल मला काय बोलायचं ते."

तिकडे ताटल्यांचा आवाज थांबला. मग नब्बोसा बोलली तेव्हा इतक्या खालच्या आवाजात बोलली की लग्नाच्या इतक्या वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. "कुठला?"

"कुठला म्हणजे?"

"नऊ जण बसलेत इथे. सगळे नवे, सगळे नकाशा बघून आलेले. तिघे आत्ता आत्ता उतरलेत. घराच्या दारातच बाकडं टाकलंय, त्यावर चौघे आहेत, त्यांच्या गुडघ्यांवरूनच आत जाता येतं. त्यांच्यातला असला तर कुणासमोरून नेऊ तिला? पोरी तर त्यांच्या मधेच उभ्या आहेत. लवकर सांगा, दिसतो कसा?"

स्प्रिंग किती दबली ते मला माहीत होतं, म्हणजे अंगाने भरलेला. गर्दीतून घुसताना अडतात म्हणून आरसे मी कधीच काढून टाकलेत, सगळेच काढतात. माणूस मागे बसतो, मागून बोलतो, मागच्या मागे उतरतो. टॅक्सी पार्कच्या कोपऱ्यावर तो माझ्या पाठीमागे येऊन बसला, नुसती मान वळवली असती तर दिसला असता, आणि मी त्याच्या फोनकडे बघत होतो, माझ्या फोटोकडे, माझ्या अंगठ्याकडे.

"काळी बाही," मी म्हणालो. "काळं जॅकेट."

"गारठा पडलाय, पाच जण काळ्या जॅकेटात आहेत. आणखी?"

"आवाज मऊ आहे. फार मऊ बोलतो, नब्बोसा, लवंगेचा वास येतो तोंडाला."

"बोलत कुणीच नाहीये," ती म्हणाली. तिला रडू फुटत होतं आणि ती ते गिळत होती. "सगळे खाली मान घालून फोनात बघतायत. तोंड सांगा ना त्याचं. नालोंगो माझ्याकडे बघतेय, तिला कळलंय काहीतरी. नाक, डोळे, काहीतरी सांगा."

मी चढावर उभा होतो. मला त्याचं तोंड माहीत नव्हतं.